गोणीचं वजन खरंच छत्तीस होतं

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगून ठेवतो, मी आयुष्यात एकदाही खोटं बोललेलो नाही. माझा रंग उडालाय, तबकडीच्या काचेला तडा गेलाय, एक पाय जरा करकरतो, हे सगळं मान्य. पण माझ्यावर खोटेपणाचा आळ आला तेव्हा मी जो संतापलो, तो अजून शांत झालेलो नाही. त्यामुळे ही हकिकत जरा रागातच ऐकावी लागेल.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे एक बुटका फिटर होता. माझ्या लोखंडी पाटावर आधी दहा, मग वीस, मग पन्नास किलोंची वजनं ठेवून तो डोळे बारीक करून तबकडीकडे बघायचा. केसभर फरक दिसला तरी मला पुन्हा उघडायचा. तीन दिवस त्याने माझा जीव खाल्ला. चौथ्या दिवशी पाटावर थाप मारून म्हणाला, "जा आता. लोक तोंड वाकडं करतील, करू देत. तू आकडा वाकडा करू नकोस."

पहिली बारा वर्षं मी एका पार्सल ऑफिसात काढली. पेट्या, गाठोडी, गुंडाळलेल्या गाद्या, एकदा तर पितळेची अख्खी घंटा. लोक माझ्याशी हुज्जत घालायचे, पण पेट्या बिचाऱ्या गप्प असत. मग ते ऑफिस बंद पडलं आणि कुत्र्यामांजरांच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला आपल्या दवाखान्यात आणलं. तिथे माझी खरी परीक्षा सुरू झाली.

पेटी ठेवली की ठेवली. कुत्र्याचं तसं नसतं. तीन पाय माझ्यावर, चौथा जमिनीवर. बसायचं, उठायचं, अंग झटकायचं, मग माझ्या पाटाचा कोपरा हुंगून नको ते करायचं. सगळ्यात मोठी अडचण मालकांची. कुत्र्याला धीर देतो म्हणून पोटाखाली हात घालायचे आणि दोन किलो हळूच वर उचलून धरायचे. डॉक्टरीणबाईंची मदतनीस ताई ओरडायची, "हात काढा, काका! मला तुमच्या हाताचं वजन नकोय!"

तक्रारी तर रोजच्याच. कुणाचा कान खाजतो, कुणी गवत खाऊन ओकतं, कुणाच्या मानेवर गोचिडी, कुणी पार्श्वभाग घासत घरभर फिरतं. काहीही असो, डॉक्टरीणबाई आधी वजन करायला लावत. माझा आकडा बघून मालक हबकायचे. "छे, हिच्या अंगावर केसच फार आहेत." "अहो, हा तर काही खातच नाही!" एका आजोबांनी तर कुत्र्याचा पट्टा काढून पुन्हा वजन करायला लावलं होतं. पट्टा असेल पन्नास ग्रॅमचा. मी मुळीच हललो नाही. मला कुणाची भीड नव्हती आणि आजही नाही.

मग गोणी आली.

तिचं खरं नाव काय होतं कोण जाणे. पिवळट रंगाची, रुंद पाठीची, आठ वर्षांची कुत्री. "पंधरा दिवस ठेवा, गावाला जाऊन येतो," असं सांगून तिचे मालक तिला सोडून गेले आणि गेले ते गेलेच. फोनही बंद. मदतनीस ताईने तिला माझ्यावर उभं केलं तेव्हा काटा छत्तीसवर जाऊन थांबला. "अगं बाई, ही तर धान्याची गोणीच!" ताई म्हणाली, आणि तेच नाव पडलं.

दवाखान्यामागच्या जाळीच्या आवारात मालकांनी टाकून दिलेली आणखी दोन कुत्री होती. गोणी त्यांच्यात राहू लागली. रविवारी कुत्रं दत्तक घ्यायला माणसं यायची आणि तेच ते प्रश्न विचारायची. चावतं का? केस गळतात का? एकटं राहतं का? मुलांच्या अंगावर येतं का? गोणी शेपटी हलवत पुढे यायची आणि लोक मागे सरायचे. "ही आजारी पडली तर उचलायची कुणी?"

डॉक्टरीणबाईंनी ठरवलं, हिला अठ्ठावीसच्या आत आणायची, मग घर मिळेल. मदतनीस ताईने कंबर कसली. खाणं मोजून, सकाळसंध्याकाळ फेरी आणि दर सोमवारी माझ्यावर वजन. भिंतीवरच्या तक्त्यात आकडे उतरू लागले. दोन महिन्यांत छत्तीसाचे चौतीस झाले. घाम गाळून मिळवलेले दोन किलो होते ते.

आणि मग काटा धडाधड खाली येऊ लागला. तेहतीस. पुढच्या सोमवारी बत्तीसला थोडं कमी. मग तीस आणि वर काहीतरी. ताईला आनंद मावेना. तिने माझी काच ओल्या फडक्याने पुसली, पाटावरचे केस काढले. "गुणाचा रे माझा काटा!" म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझं कौतुक केलं आणि ते ऐकताना मला नुसता संताप येत होता. कारण फिरणं तेवढंच होतं, आणि खाणं उलट वाढलं होतं. ताईच सांगायची, गोणी स्वतःचं भांडं चाटून पुसून शेजारच्याच्या भांड्यात तोंड घालते. खाऊनही उतरणारं वजन चांगलं नसतं, एवढं मला पार्सल ऑफिसातही कळलं असतं. ज्या पेटीचं वजन वाटेत कमी होतं, ती पेटी कुठेतरी फुटलेली असते. पण मला तोंड नाही. मला फक्त एक काटा आहे, आणि त्याने मी ओरडून ओरडून सांगत होतो.

पुढच्या सोमवारी काटा एकोणतीसच्याही खाली आला. डॉक्टरीणबाईंनी तक्ता पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मला वाटलं, चला, यांच्या ध्यानात आलं.

"एका आठवड्यात दीड किलो?" त्या म्हणाल्या. "शक्य नाही. काटा गेलाय." त्यांनी गोणीच्या हिरड्या पाहिल्या, ताप पाहिला. "खाते ना पोटभर?"

"पोटभर? माझा हातसुद्धा खाईल!"

"मग कुत्री ठीक आहे. नवीन काटा मागव."

नवीन काटा आला. चपटा, चकचकीत, लाल आकड्यांचा. त्याने साडेसत्तावीस दाखवले. मी त्याला दोष देत नाही, त्याने खरंच सांगितलं. पण त्यावरून या दोघींनी काय निष्कर्ष काढावा? की गोणी कधी छत्तीस नव्हतीच! मी पहिल्या दिवसापासून वाढवून दाखवत होतो आणि आता कुठे खरा आकडा कळला! डॉक्टरीणबाईंनी तक्त्यावरच्या माझ्या सगळ्या नोंदींवर एक आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, "वजन योग्य. घरी देण्यास हरकत नाही." माझी तीन महिन्यांची साक्ष एका रेघेत पुसली गेली, आणि तिच्याबरोबर गोणीचा आजारही.

मला भंगारात द्यायचं म्हणून आवाराच्या कडेला, पत्र्याखाली नेऊन ठेवलं. तिथून मला एक गोष्ट दिसली, जी आतून दिसत नव्हती. तीन कुत्र्यांना पाण्याचं घमेलं एकच होतं. ताई ते दिवसातून दोनदा भरायची, मग चारदा भरू लागली. "ऊन केवढं वाढलंय," म्हणायची. आणि ते पाणी जवळजवळ सगळं एकटी गोणी पीत होती. घमेल्याशी उभी राहून पीत राहायची, कोपऱ्यात जाऊन मुतायची आणि परत घमेल्याशी. घमेलं एकच असलं की कोण किती प्यालं, हे कुणाला कळायचं?

त्या रविवारी निवृत्त बसड्रायव्हर, त्यांची बायको आणि लग्न झालेली मुलगी असे तिघं आले. मुलीला पिल्लू हवं होतं. ड्रायव्हरकाका मात्र म्हणाले, "आम्ही दोघं सत्तरीला टेकलो. पिल्लू पंधरा वर्षं जगायचं, मग आमच्यामागे ते कुणाच्या दारात? आम्हाला आमच्यासारखंच कुणीतरी दाखवा." ताईने आनंदाने गोणीला पुढे आणलं.

काकांना एक खोड होती. काटा दिसला की चढायचं. मी पत्र्याखाली दिसताच ते चपला काढून माझ्यावर उभे राहिले.

"बहात्तर. परवा आमच्या डॉक्टरांकडे बहात्तरच भरलो होतो. हा तर ठणठणीत आहे! भंगारात का टाकलाय?"

"खोटं दाखवतो, काका," ताई म्हणाली. "गोणीला छत्तीस दाखवायचा. निघाली साडेसत्तावीस."

काका माझ्यावरून उतरले नाहीत. माझ्यावर उभं राहूनच गोणीकडे बघत राहिले. गोणी घमेल्यात तोंड घालून लपलप पाणी पीत होती.

"आम्ही आल्यापासून ही तिसऱ्यांदा पितेय."

"ऊन आहे ना, काका."

"या बाकीच्या दोघांना नाही का ऊन?" काका खाली उतरले. त्यांचा आवाज बदलला. "ताई, छत्तीस खरे असले तर? माझं अगदी असंच झालं होतं. वजन उतरलं, पट्टा दोन भोकं आत गेला. डेपोतले सगळे म्हणायचे, काय फिट झालात राव! मीही छाती फुगवून फिरायचो. दर तिसऱ्या थांब्याला गाडी उभी करून आडोशाला पळायचो, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. शेवटी स्टिअरिंगवरच डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा कळलं, साखर आहे. बोलवा तुमच्या बाईंना."

डॉक्टरीणबाई घरून धावत आल्या. त्यांनी गोणीला नव्या काट्यावर उभं केलं, मग माझ्यावर. दोन्हीकडे सव्वीस आणि वर थोडं, अगदी तोच आकडा. त्यांनी कानाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला, यंत्रात घातला आणि आकडा बघून तिथेच माझ्या पाटावर बसल्या. कुत्र्यालाही माणसासारखा मधुमेह होतो, मित्रांनो, आणि गोणीची साखर फार वर गेली होती.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "आकडा पटला नाही म्हणून मी काट्याला नावं ठेवली. कुत्रीकडे बघायला हवं होतं."

मग त्यांनी काहीही न लपवता सांगितलं. दर बारा तासांनी इन्सुलिनचं इंजेक्शन, जन्मभर. खाणं घड्याळ लावून. डोळ्यांत मोतीबिंदू येऊ शकतो. "आणि खरं सांगायचं तर इथे हिचं होणार नाही. दवाखाना संध्याकाळी सहाला बंद होतो. रविवारी ताई एकटीच, तीही अर्धा दिवस. आठवड्यात एकदोनदा इंजेक्शन चुकणार, आणि तसं चालत नाही. घर मिळालं तरच ही जगेल. पण आता हिला नेणार कोण?"

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, मला वाईट वाटतंय, पण आपण धडधाकट कुत्रं न्यायला आलोय. आईच्या जिवाला आधीच काय कमी व्याप आहेत?"

गोणी त्या सगळ्यांच्या मध्ये उभी होती. हाडं दिसू लागलेली, तरी शेपटी हलवत. मी त्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या तोंडाकडे बघत होतो.

"सकाळी साडेसातला मी ह्यांना टोचते," काकू म्हणाल्या. "संध्याकाळी साडेसातला परत ह्यांनाच टोचते. त्यात आणखी एक सुई, एवढंच ना? हे तर अजूनही ओरडतात. आत्ता कानाला टोचलं तर हिने हूं की चूं केलं नाही."

"आई, पण ती आजारी आहे."

"आजारी निघाली म्हणून हिला इथेच सोडायची असेल, तर तुझ्या बाबांनाही सोडून जाऊ या. जाळीत जागा आहे."

काका मोठ्याने हसले. मुलगी आधी हसली, मग तिने डोळे पुसले आणि गोणीच्या गळ्यातली दोरी स्वतःच्या हातात घेतली.

सात दिवस दवाखान्यात ठेवून, इंजेक्शनचं प्रमाण ठरवून गोणी त्यांच्या घरी गेली. त्या सात दिवसांत ताई रोज रात्रीचं जेवण डब्यात घेऊन साडेसातला इंजेक्शन द्यायला परत यायची. डॉक्टरीणबाईंनी तक्त्यावरची ती आडवी रेघ खोडली आणि माझे आकडे पुन्हा ठळक अक्षरांत लिहिले. मला उचलून पुढच्या खोलीत आणलं. नवा काटाही शेजारीच आहे. आमचं जमतं. आवारात आता प्रत्येक कुत्र्याचं पाण्याचं भांडं वेगळं आहे.

म्हणून सांगतो, मित्रांनो. तुमच्या कुत्र्याचं वजन वाढलं तर केसांना दोष देऊ नका आणि घटलं तर लगेच टाळ्या पिटू नका. का घटलं ते विचारा. किती पाणी पितं, किती वेळा लघवीला जातं, खाऊनही हाडं दिसतात का, ते रोज बघा. शंका आली तर डॉक्टर गाठा. आणि दत्तक घ्यायला जाल तेव्हा 'चावतं का, केस गळतात का' हे खुशाल विचारा. पण 'आजारी पडलं तर आम्ही त्याला ठेवणार आहोत ना?' हे आधी आपल्याच घरात विचारून या.

दर पंधरा दिवसांनी गोणी येते. आधी काका माझ्यावर चढतात, मग ती. पहिल्या दोन खेपांना काटा होता तिथेच राहिला. काकूंनी पिशवीतली इन्सुलिनची डबी काढली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. गेल्या खेपेला मात्र काटा तीनशे ग्रॅम वर गेला. वजन वाढलं म्हणून दवाखान्यात टाळ्या वाजलेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. ताईने आकडा लिहिला, गोणीला म्हणाली, "उतर गं आता." गोणी उतरली नाही. चारही पाय माझ्यावर रोवून, मान ताठ करून उभी राहिली, आणि तिचा एकूण एक ग्रॅम मी सगळ्यांना दाखवत राहिलो.