लीडरचा नकार

ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटी मुलखातल्या किंग्ज कॅन्यनच्या कड्यावर जाणारी वाट उन्हाळ्यात लवकर बंद होते. पारा छत्तीसच्या वर जाणार असा अंदाज असला, की सकाळी नऊनंतर कोणालाही चढू देत नाहीत. दुसऱ्या दिवशीचा अंदाज एकेचाळीसचा होता. सुनेत्राने तो फोनवर पुन्हा पुन्हा पाहिला आणि मग बाबांना सांगितलं, "पाचला उठू. उजाडताना वर असायला हवं."

"लीडर म्हणेल तसं," श्रीधर बर्वे म्हणाले आणि त्यांनी आपले बूट केबिनच्या दाराशी नीट लावून ठेवले.

ही त्यांची जुनी भाषा. पुण्याच्या ग्रुपबरोबर त्यांनी उभं आयुष्य सह्याद्रीत काढलं होतं आणि त्या ग्रुपचा नियम एकच होता. लीडरने पायथ्याशी चढाई रद्द केली तर कारण विचारायचं नाही. पण रद्द करायची असेल तर लीडरनेही सगळ्यांसमोर उभं राहून तसं सांगायचं. सुनेत्रा शाळेत असताना लिंगाण्याच्या पायथ्याशी बाबांनी अख्खी तुकडी परत फिरवलेली तिने पाहिली होती. माणसं चडफडली, पण मुकाट्याने सॅका उचलून चालू लागली. या वेळी सिडनीच्या विमानतळावर त्यांनी नातीला, स्पृहाला, बजावलं होतं, "या ट्रेकची लीडर तुझी आई. आता माझंही काही चालणार नाही."

डिसेंबरात इकडे येऊ नका, जुलैत या, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. पण जुलैतली सुनेत्राची रजा ऐन वेळी रद्द झाली होती, आणि जानेवारीत बाबा पुण्याला परतणार होते. त्यांचं वय शहात्तर. पुढच्या वर्षीचं कुणीच बोलत नव्हतं.

वर त्यांना एकच गोष्ट बघायची होती. लाल कड्यांच्या पोटात, एवढ्या कोरड्या मुलखात, पाण्याचा एक डोह आहे. स्पृहाने त्याचा फोटो दाखवल्यापासून बाबा त्याला टाकंच म्हणत. "किल्ल्यावरची टाकी माणसांनी खोदली गं. हे कुणी खोदलेलं नाही. काठावर जरा टेकेन, बास. आंघोळ नाही करणार, घाबरू नकोस."

संध्याकाळी जेवताना शेजारच्या टेबलावरच्या एकाने सांगितलं, की सुरुवातीच्या खड्या पायऱ्यांना इथे हार्ट अटॅक हिल म्हणतात. बाबा खो खो हसले. "नाव तरी स्पष्ट आहे!"

सुनेत्राला हसू आलं नाही. सिडनीत वेस्टमीडच्या हॉस्पिटलात ती भूलतज्ज्ञ होती. बाबांच्या अँजिओप्लास्टीला दोन वर्षं झाली होती. निघण्यापूर्वी तिने त्यांची स्ट्रेस टेस्ट करून घेतली होती, रिपोर्ट स्वतः वाचला होता. तो चांगला होता. त्यांच्या पुण्याच्या डॉक्टरांनीही चाला म्हटलं होतं. तरी झोपताना तिने गजर बंद केला.

पहाटे तिला जाग आली. गजर नसला तरी येणारच होती. पलीकडच्या खोलीचं दार हळूच उघडल्याचा आवाज आला. तिने फोन उचलून वेळ पाहिली, तो पालथा ठेवला आणि डोळे मिटून पडून राहिली. पडद्याच्या फटीतून आधी राखाडी, मग गुलाबी, मग पांढरा उजेड आत आला. ऊन भिंतीवर चढल्यावर ती धडपडत उठल्यासारखी बाहेर आली.

"अरे देवा! बाबा, गजर वाजलाच नाही हो!"

"असू दे," बाबा म्हणाले. "चहा टाकलाय. घे आधी."

ते पायथ्याशी पोचले तेव्हा फाटक बंद झालेलं होतं. "सॉरी, मेट," तिथला रेंजर बाबांना म्हणाला. "वरची वाट बंद. खालून ओढ्याच्या कडेने मात्र जाता येईल."

ते ओढ्याच्या कडेने गेले. कोरडं पात्र, पांढऱ्या खोडांची उंच झाडं, डोळ्यांत घुसणाऱ्या माशा. बाबा हात पाठीमागे बांधून चालत होते. धाप नाही, थांबणं नाही. वाट संपते तिथे त्यांनी मान वर केली. कड्याच्या ओळीवरून टोप्या घातलेली माणसं मुंग्यांएवढी सरकत होती. ती दिसेनाशी होईपर्यंत बाबा बघत राहिले.

"वर वारा असेल," ते म्हणाले.

"नशीब बघा ना," सुनेत्रा म्हणाली. "इतक्या लांब येऊन."

बाबांनी टोपी सारखी केली आणि ते परत फिरले.

परतताना मागच्या सीटवरून स्पृहा म्हणाली, "मम, आजोबा वॉज सो रेडी. मी वॉशरूमला उठले ना, तेव्हा ही वॉज सिटिंग आउटसाइड. बूट घालून, बॅग लावून. आय सेड, गो वेक मम. ही सेड, लीडर उठली नाही अजून."

बाबा खिडकीबाहेर बघत होते. सुनेत्राने आरशात बघायचं टाळलं.

केबिनच्या ओट्यावर दोघंच बसल्यावर ती म्हणाली, "मला हाक मारायची होतीत."

"मारायलाच आलो होतो. दार अर्धवट उघडं होतं. तू फोन बघितलास आणि पालथा ठेवलास." बाबांचा आवाज नेहमीसारखाच होता. "तरी बसून राहिलो. म्हटलं, येईल सांगायला."

"मला भीती वाटली, बाबा."

"वाटणारच. मला नाही का वाटायची, पोरांना घेऊन जाताना?" त्यांनी बुटावरची लाल माती बोटाने पुसली. "नाही म्हणायचं होतंस, सुनू. मी तिथल्या तिथे बूट काढले असते."

तिला ते माहीत होतं. लिंगाण्यापासून माहीत होतं. एका शब्दाचं काम होतं आणि तो शब्द त्यांनी निमूट मानला असता.

"उद्या जाऊ या," ती घाईने म्हणाली. "मी तिकिटं बदलते. हॉस्पिटलला कळवते."

"नको."

"का पण? अंधारातच निघू. मी वचन देते."

"नको गं. झालं ते झालं." ते चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मग सकाळी लवकर निघायला लागेल. विमानतळ लांब आहे. मी उठवते तुम्हाला."

"हो," बाबा म्हणाले.

मग त्यांनी चष्मा लावला, खिशातून आपला फोन काढला आणि आत हाक मारली. "स्पृहा, जरा इकडे ये बाळा. यात गजर कसा लावतात, दाखव बरं मला."

आयुष्यात त्यांना पहाटे उठायला कधी गजर लागला नव्हता.