नुसती मान हलव

सरांनी मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं तेव्हा मी त्यांच्याच क्लबच्या चड्ड्यांमध्ये इलास्टिक ओवत बसले होते. घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं आणि क्लबच्या मुलांचे सगळे कपडे गेली चार वर्षं मीच शिवते. सर म्हणजे माझ्या मुलीला धावायला शिकवणारे. दरवर्षी ते नव्या पालकांची सभा घेतात. यंदाचा विषय होता, ‘खेळाने माझ्या मुलाला काय दिलं’. त्यांचं म्हणणं, तुमच्यासारखी हळू बोलणारी, देवाधर्माची बाई बोलली की लोक ऐकतात. एरवी जे पालक आपणहून माइक मागतात त्यांच्या हातातून तो सोडवायला दोन माणसं लागतात. मी हसले आणि हो म्हणाले. नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही.

मुलगी तेव्हा आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडली होती. चौदा वर्षांची आहे. घरात तिला मुंगी म्हणतात, कारण रांगायला लागल्यापासून ती एका जागी बसलेली कोणी पाहिली नाही. आता सहा आठवडे ती एका जागी होती. डाव्या नडगीचं हाड मोडलं होतं.

सरांनी जाताना एका कागदावर मुद्दे लिहून दिले होते, मला सोपं जावं म्हणून. शिस्त, मैत्री, हार पचवणं, आत्मविश्वास. दुपारी मशीन बंद करून मी त्या कागदाखाली लिहायला बसले.

शिस्तीबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ होतं. मुंगी साडेचारला गजराशिवाय उठायची. आपले बूट आपण पुसायची. तळलेलं सोडलं, गोड सोडलं, मग हळूहळू दुसऱ्यांदा वाढून घेणंही सोडलं. माझ्या मापाच्या वहीत तिची कंबर एका वर्षात सव्वीस, मग पंचवीस, मग चोवीस अशी लिहिलेली आहे. शेवटचं माप घेताना सर दारातच उभे होते. म्हणाले, अंग हलकं झालं की सेकंद वाचतात. टेप माझ्या हातात होती. वाढत्या वयाच्या मुलीचा कपडा आत घ्यावा लागतोय, हे चार गिऱ्हाइकं पाहणाऱ्या बाईला कळत नाही असं थोडंच आहे? मी चड्डी आत घेतली.

मैत्रीपाशी मी बराच वेळ थांबले. बेकरीवाल्याची मुलगी आणि मुंगी पहिल्या दिवसापासून बरोबर. एकीचा मोजा फाटला तर दुसरी आपला एक द्यायची आणि दोघी एकेका पायात वेगळा रंग घालून धावायच्या. मग सरांनी फळ्यावर सगळ्यांच्या वेळा लिहायला सुरुवात केली, वरून खाली. त्या दोघी कधी वर-खाली तर कधी खाली-वर. हळूहळू बेकरीवाल्याची मुलगी आमच्याकडे यायची थांबली. निवड स्पर्धेच्या आठवड्यात तिला ताप आल्याचं कळलं तेव्हा मुंगी म्हणाली, रविवारपर्यंत राहिला तर बरं. मी तिला दटावलं, असं बोलू नये म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माळ ओढताना माझ्याच मनात तेच आलं, राहू दे रविवारपर्यंत, आणि माझ्या ते लक्षात येईपर्यंत तीन मणी पुढे गेले होते. त्या तीन मण्यांवर मी देवाकडे काय मागितलं, ते त्यालाच ठाऊक.

हार पचवायलाही सरांनी छान शिकवलं होतं. हरलं की हसायचं, जिंकणारीचा हात हातात घ्यायचा. मुंगी हे चोख करायची. मग घरी येऊन न्हाणीघरात नळ मोठा सोडून अर्धा अर्धा तास बसायची. आमचे हे लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून दमून आलेले असायचे. म्हणायचे, पोरगी स्वच्छतेची भारी बाई. मी नळाच्या आवाजाखालचा आवाज ऐकायचे आणि पोळ्या लाटायचे.

‘आत्मविश्वास’पुढे मी काही लिहिलं नाही. तिथे आल्यावर मला त्या रविवारची सकाळ आठवायला लागली, आणि ती आठवायची नाही म्हणून तर मी सहा आठवडे मशीनवर वाकून काढले होते.

माझं एक व्रत आहे. सकाळी उठल्यापासून अकरा माळा पुऱ्या होईपर्यंत मी बोलत नाही. एकोणीस वर्षं झाली, बाळंतपणातसुद्धा मोडलं नाही. घरात सगळ्यांना सवय आहे. बोलायचं नाही एवढंच, खुणा चालतात. दूध वर आलं की मी टाळी वाजवते. यांना किल्ली सापडेनाशी झाली की बोट दाखवते. दारात पाववाला आला की बोटांनी आकडा सांगते. माझी नणंद म्हणते, आमची वहिनी मौनात जेवढं बोलते तेवढं एरवी बोलत नाही.

त्या रविवारी, निवड स्पर्धेच्या सकाळी, माझी सातवी माळ चालली होती. हे अंघोळीला गेले होते. मुंगी येऊन माझ्या शेजारी जमिनीवर बसली. क्लबचे कपडे घातलेले, पाठीवर मीच टाचलेलं नंबराचं कापड.

“आई, डाव्या नडगीत दुखतंय,” ती म्हणाली. “खालच्या बाजूला. आज नाही, खूप दिवस झाले. आता झोपल्यावरपण दुखतं.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिने मोजा खाली केला आणि बोटाने जागा दाखवली. तिथे जरा सुजलं होतं.

“तू नको म्हणालीस तर मी नाही धावणार. सरांना सांगेन, आई नको म्हणाली. बोलू नकोस, तुझं मोडेल. नुसती मान हलव.”

ती वाट पाहत बसली. माझी मान माझ्याच खांद्यांवर होती, तिला कसलंही व्रत नव्हतं. पण माझ्या डोळ्यांपुढे चार वर्षं होती, फळ्यावरचं वरून दुसरं नाव होतं, ज्या बायका कपडे टाकायला येतात त्यांना मी काय काय सांगितलं होतं ते होतं. मी डोळे मिटले आणि पुढचा मणी ओढला.

थोड्या वेळाने ती उठल्याचं मला ऐकू आलं. बुटाची नाडी आवळल्याचंही ऐकू आलं.

आठशे मीटर म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. पहिली फेरी ती छान धावली. दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर तिचा डावा पाय जमिनीवर पडायला नाखूश दिसत होता, उन्हाने तापलेल्या दगडावर अनवाणी पडावा तसा. आजूबाजूचे ओरडत होते. मीही ओरडले, मी, जिचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही. ती पहिली आली. रेघ ओलांडली, दोन पावलं गेली आणि बसली ती उठलीच नाही.

माझी नणंद दवाखान्यात एक्स-रे काढते. यांच्याहून धाकटी, तोंडाने फटकळ, पण पायाखाली उशी सरकवताना तिचे हात कापसासारखे असतात. फोटो उजेडावर लावून तिने बराच वेळ पाहिला.

“वहिनी, ही चीर आजची नाही,” ती म्हणाली. “कडेला नवं हाड धरलेलं दिसतंय बघा. निदान तीन आठवडे ही पोर यावर धावतेय. आज नुसतं पुरतं मोडलं.” मग मुंगीकडे वळून, “का गं ए, कोणालाच बोलली नाहीस?”

मी भिंतीला टेकून उभी होते. दुपारचे दोन वाजले होते. माझ्या अकरा माळा केव्हाच झाल्या होत्या.

“कोणालाच नाही,” मुंगी म्हणाली. माझ्याकडे न बघता.

तेच मग सगळ्यांनी खरं धरलं. हे तिला रागावले, निदान आईला तरी सांगायचंस, आई काय वाघ आहे का? ती छताकडे बघत राहिली. सर फुलं घेऊन आले आणि म्हणाले, मुलं लपवतात हो, त्यांची जिद्दच तशी असते. त्यांच्या आवाजात रागापेक्षा कौतुक जास्त होतं. नातेवाइकांना हे फोनवर सांगायचे, दुखणं अंगावर काढलं पण पहिली आली. मी प्रत्येक वेळी त्याच खोलीत होते. बोलायला कुठल्याही घडीला सुरुवात करता आली असती. संध्याकाळी जप करताना वाटायचं, देवाला तर माहीत आहे. पण देवाला अंथरुणावर पडून कोणाची बोलणी खावी लागत नव्हती.

सभेच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. हे, नणंद, आणि कुबड्या घेऊन मुंगी. सरांनी तिला पुढच्या रांगेत बसवलं आणि सुरुवातीलाच तिची गोष्ट सांगितली. मोडक्या पायाने जिंकलेली मुलगी. लोकांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. ती ओशाळून हसली, हरल्यावर हसायची तसंच. ते हसू बघितल्यावर माझ्या हातातला कागद मी पिशवीत टाकला.

माइक सरांनी माझ्या तोंडापर्यंत खाली ओढून दिला. मी म्हटलं, तिने लपवलं नव्हतं. त्या सकाळी तिने मला सांगितलं होतं, कुठे दुखतं ते बोट ठेवून दाखवलं होतं. तिला फक्त माझं ‘नको’ हवं होतं. मला ऐकू आलं होतं, दिसलं होतं, आणि मी डोळे मिटून घेतले, कारण मला ती पहिली यायला हवी होती. एवढंच बोलायला मला पुष्कळ वेळ लागला असावा. शेवटी म्हटलं, खेळाने तिला काय दिलं ते तिला विचारा. माझ्या घरात त्याने मला आंधळी व्हायला शिकवलं, आणि मी ते फार लवकर शिकले.

मग सर पुढे आले, माझ्या हातातून माइक अलगद घेतला आणि म्हणाले की आईचं काळीज असं असतं, मुलाचं दुखणं ती स्वतःवर घेते. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूप वेळ वाजवल्या. जिना उतरताना एका बाईंनी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाल्या, “ताई, तुम्ही खंबीर राहिलात म्हणून ती पहिली आली. आमचीही रोज कुरकुरते, टाच दुखते, टाच दुखते. मी सांगते तिला, दुखणं मनात असतं.”

मी त्यांना काहीतरी सांगू लागले, पण मागून गर्दी आली आणि त्या पुढे गेल्या.

बाहेर पायरीवर आमची माणसं उभी होती. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातातली पिशवी मात्र घेतली आणि गाडी आणायला गेले. नणंद म्हणाली, “त्या दिवशी एक्स-रेच्या खोलीत बोलला असतात तर पोरीची सहा आठवड्यांची बोलणी वाचली असती.” मी म्हटलं, हो.

मुंगी रागावली होती.

“तुला कोणी सांगितलं होतं सांगायला?” ती म्हणाली. “आता सगळ्या म्हणणार, आईला विचारायला गेली होती. रडत गेली होती म्हणणार.”

“मी तेव्हा मान हलवली असती, तर थांबली असतीस?”

तिने कुबडीचं टोक पायरीच्या फटीत रुतवलं, काढलं, परत रुतवलं.

“भांडले असते,” ती म्हणाली. “आदळआपट केली असती. पण थांबले असते.” आणि मग हळू आवाजात, “सरांनी पुढच्या मोसमाच्या यादीत माझं नाव घातलंय. यादी वर सभागृहात लावलीये. डॉक्टर म्हणाले अजून सहा आठवडे पाय टेकायचा नाही, आणि सर म्हणतात चार आठवड्यांत हळूहळू सुरू करू.”

“नाही,” मी म्हटलं.

ती वर बघायला लागली.

“नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. त्यानंतरही आपण बसून बोलू, मग ठरवू.”

“सर ऐकणार नाहीत.”

“तुझ्याशी भांडण माझं, सरांशीही माझंच.”

ती आदळआपट करेल असं वाटलं होतं. तिने तोंड फिरवलं आणि आत्याच्या खांद्यावर टेकवलं. तिचे खांदे हलत होते. रागाने की कशाने, ते मला मागून कळेना, आणि विचारायचा हक्क मला आहे असंही वाटेना.

मी परत जिना चढले. सभागृहात सर एकटेच खुर्च्या एकावर एक रचत होते. फळ्याशेजारी यादी लावलेली होती, मुंगीचं नाव तिसरं. मी म्हटलं, हे काढा. त्यांनी समजावलं, म्हणाले, आज तुमचं मन हळवं झालंय, उद्या शांतपणे बोलू. मी म्हटलं, मी थांबते. आणि फळ्यापाशी थांबले. त्यांनी दहा-बारा खुर्च्या आणखी रचल्या, मधून मधून माझ्याकडे पाहिलं, मग खिशातून पेन काढून आले. नावावर सरळ रेघ मारली आणि बाजूला दुसऱ्या मुलीचं नाव लिहिलं. मी ते वाचलं. त्या मुलीची चड्डी मी शिवली होती, पण तिचा चेहरा मला आठवेना.

“हिला कुठे दुखतंय का, ते विचारलंत?” मी म्हटलं.

सर पेनाचं टोपण लावत होते. वाईट माणूस नाहीत ते, पहाटे चारला या मुलांसाठी उठतात.

“विचारलं की सगळ्यांनाच दुखतं, ताई,” ते समजूत घालावी तसं म्हणाले.

मी तिच्या आईचा फोन नंबर मागितला. त्यांनी दिला नाही. मग मी पर्समधून टाचण्यांच्या डबीखालची एक कोरी चिठ्ठी काढली आणि यादीवरून मुलीचं नाव उतरवून घेतलं. मापाच्या वहीत तिच्या घरचा पत्ता असणार.