शोकेसमधलं भेकर

"हा फोटो कुणी काढला?" वनरक्षकाने काचेवर बोट टेकवून विचारलं.

वेल्ह्याच्या बाजारात सावळारामचा फोटो स्टुडिओ आहे. शोकेसमध्ये नवरदेव, बारशाची बाळं, फेटेवाले पुढारी अशी सगळी मंडळी दाटीवाटीने बसलेली. त्यांच्या वर मागच्या आठवड्यापासून एक भेकर होतं. मान ताठ, दोन्ही कान स्पष्ट, नजर थेट समोर. आधारकार्डावर सहज चाललं असतं.

नव्याने बदलून आलेल्या कुमारला, म्हणजे वनरक्षकाला, तिथेच शंका आली. रानातलं भेकर, एवढंसं बुजरं हरीण, माणसाची चाहूल लागताच पसार होतं. हे इतक्या जवळून, इतक्या निवांत बघतंय म्हणजे नक्की कुणीतरी पाळलंय. आणि भेकर पाळणं गुन्हा. केस होऊ शकत होती, कॅमेराही जप्त होऊ शकत होता.

काउंटरमागे लॅमिनेशन करणाऱ्या मंगलच्या तोंडचं पाणी पळालं. "मोबाईलवरनं उतरवलाय साहेब," ती नवऱ्याच्या आधीच बोलून मोकळी झाली. "लोकं काय बी छापून घेत्यात हितं."

सुटायला वाट आयती मिळाली होती. सावळारामने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण मान हलेना.

खोऱ्यातली निम्मी लग्नं त्याने टिपली होती. फोटो बघून नवऱ्या म्हणायच्या, मी किती जाड दिसते. म्हातारे गेले की त्यानेच काढलेल्या फोटोंना हार पडायचे. फोटो कुणी काढला, असं मात्र आजवर एकाही माणसाने विचारलं नव्हतं. त्यात कुणाचं चुकलंही नव्हतं. स्वतःचं तोंड दिसत असताना फोटोवाल्याची आठवण कोण काढतो?

हा एकच फोटो कुणी सांगितला म्हणून काढलेला नव्हता. त्यासाठी तो तोरण्याच्या पायथ्याशी, मंगलच्या माहेरी, उंबराखाली सासऱ्याचं घोंगडं पांघरून बसायचा. सुरुवातीला भेकर फिरकेचना. फोटोला जायचं म्हणजे अत्तर लावायचं, ही लग्नातली सवय! मंगलला वास आला तेव्हा तिने कपाळावर हात मारला. मग अत्तर बंद, साबणही बंद. आणि एका सकाळी ते आलं. खाली पडलेली उंबरं चघळू लागलं, चघळण्याचा आवाज येईल इतक्या जवळ. डोकं मात्र वर करेना. सावळारामच्या तोंडून सवयीनेच निघून गेलं, "हं, हितं बघा."

भेकराने वर बघितलं. बटण दाबलं गेलं आणि पुढच्याच क्षणी ते कुत्र्यासारखं भुंकत झाडीत नाहीसं झालं. त्या दिवशी सावळाराम वेड्यासारखा एकटाच हसत घरी आला होता.

"म्या काढला," तो म्हणाला.

मंगलने डोळे मिटून घेतले. कुमारने कॅमेरा ताब्यात घेतला. जागा दाखवा म्हणाला, मग बघू.

दुसऱ्या दिवशी उजाडताना दोघं एकाच घोंगड्याखाली बसले. कॅमेरा कुमारच्या मांडीवर होता. बराच वेळ काही हललं नाही. कुमारच्या पायाला मुंग्या आल्या, तो उठायच्या बेतात होता. तेवढ्यात झाडीतून भेकर आलं. पावलापावलाला थबकत, कान फिरवत उंबराखाली पोचलं आणि खाऊ लागलं. कुमार श्वास घ्यायचा विसरला. त्याने हळूच कॅमेरा सावळारामकडे सरकवला.

सावळारामने तो हाताने मागे सारला. "काढलाय की," तो पुटपुटला. "आता तुमी बघा."

पोट भरल्यावर भेकर आपणहून निघून गेलं.

कुमार उठला. गुडघ्यांची माती झटकली, टोपी सारखी केली, दोन्ही हातांनी कॅमेरा सावळारामच्या हवाली केला आणि टाचा जुळवून त्याला कडक सलाम ठोकला.

तहसील कचेरीतल्या प्रत्येक झेंडावंदनाला सावळारामने सलामांचे फोटो काढले होते. पण सलाम घ्यायचा कसा, हे त्याला कुठे ठाऊक होतं? एका हातात कॅमेरा, दुसऱ्यात घोंगडं. दोन्ही त्याने डाव्या काखेत कोंबली, ताठ उभा राहिला आणि उजवा हात कपाळाशी नेला.