कागदावरचं वय

रेझरच्या दोन पात्यांमध्ये अडकलेले केस नळाखाली धरूनही निघेनात, तेव्हा हालम्मा ते नखानं ओढून काढू लागली – काळे, राठ, चांगले जून झालेले केस. हे माझ्या पोराचे? मोरीच्या फरशीवर फेसात पसरलेल्या केसांवर ती तांब्यामागून तांब्या ओतत राहिली. खरं तर कुणी बघायला येणार नव्हतं. नवरा, कोटरप्पा, तीन दिवसांपूर्वीच ट्रक घेऊन बाहेर पडला होता, "मला त्या कोर्टाची पायरी चढायला लावू नकोस" एवढं बोलून. वकीलबाईंनी सांगितलं होतं, मिशी काढून आणा, पोरगा पोरासारखा दिसला पाहिजे, आज बाल न्याय मंडळासमोर वयाचाच प्रश्न आहे. तिप्पेश काही स्वतःहून उठेना. शेवटी त्याला स्टुलावर बसवून तिनंच साबण लावला, जसं पूर्वी तोंड धरून काजळ घालायची तसं हनुवटीला धरून... आणि मग तो जे बोलला ते बोलला.

"अव्वा, एवढं दाबून काय धरतेस? कापशील मला."

"गप्प बस. हलू नकोस."

"अगं, एवढं घाबरायचं काय त्यात? शाळेच्या दाखल्यावर मला सतरासुद्धा पुरी नाहीत. तीन वर्षांच्या वर काही होत नाही. म्हणून तर गज मी घेतला."

तिचा हात थांबला. "म्हणून तर... म्हणजे?"

"म्हणजे काय! आधी बसण्णा घेत होता. तो चोवीसचा, आत सडला असता. मी म्हटलं, आण इकडं, माझं कोण काय वाकडं करतंय, मी कागदावर लहान आहे." एवढं बोलून त्यानं ओठ आवळून पुढं केला. "इथं राहिलंय बघ."

आणि तिनं तिथलं काढलं! काय बाई आपण... रेझर फेकून द्यायचा, दोन मुस्काटात मारायच्या, निदान ओरडायचं तरी. तिनं मुकाट्यानं राहिलेले चार केस काढले, टॉवेल दिला, आणि ओठाच्या कोपऱ्यात पातं लागलं होतं तिथं तुरटी फिरवली.

दावणगेरेच्या बसमध्ये तो खिडकीशी बसून मोबाइल बघत होता आणि ती त्याच्या मानेकडे बघत होती. दोन महिने ती एकच विचारत आली होती, देवाला, नवऱ्याला, स्वतःला – ह्याचा हात उठला कसा? चुरमुऱ्याच्या भट्टीमागं पाच-सहा पोरांची बाचाबाची झाली, लोखंडी गज आला, आणि शेजारच्या सिद्धेशचा उजवा डोळा गेला. संगत वाईट, बापाची दारू, हा मेला मोबाइल... एकेकाला धरून तिनं दोष वाटून दिला होता. स्वतःच्या वाट्याला काही ठेवलं नव्हतं. आणि आज सकाळी कळलं की हात उठला तो तिच्या शब्दाच्या जोरावर.

बावीस वर्षं ती अंगणवाडीत टीचर. बाळाचं वजन, बाळाची तारीख, हेच तिचं काम. मजुरी करणाऱ्या बाया सांगायच्या, "जोंधळ्याच्या सुगीत झाला बघा," की ही पंचांग काढून, अमावास्या कधी होती, जत्रा कधी होती असं खोदून खोदून विचारून नेमका दिवस शोधायची. शाळेतले हेडमास्तर सरसकट एक जून टाकून मोकळे व्हायचे, त्यांच्याशी ती कडाकडा भांडायची – पोराला जन्मदिवस असतो की नाही, सर? आणि एकाच पोराची तारीख तिनं खोटी सांगितली. स्वतःच्या. कोटरप्पाची सरकारी बसवरची कायमची नोकरी चार महिन्यांनी वय जास्त भरलं म्हणून गेली होती, त्या दिवसापासून तो माणूस उतरला तो उतरलाच. माझ्या पोराचं असं होऊ नये, हातात थोडी वर्षं शिल्लक असावीत, एवढंच तिच्या मनात होतं. एक वर्ष दहा महिने कमी लावले. हेडमास्तरांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "टीचर सांगतात म्हणजे प्रश्नच नाही."

पण त्यापायी पोराला दोन वर्षं घरी ठेवावं लागलं होतं. सिद्धेश दप्तर घेऊन शाळेत गेला तेव्हा हा फाटकाला धरून रडला होता. सिद्ध्या जातो, मग मी का नाही? दोघं एकाच आठवड्यातले, एकाच अंगणात वाढलेले. पुढं सिद्धेश सातवीत तेव्हा हा पाचवीत, सगळ्या वर्गात उंच, आणि सिद्धेश येताजाता चिडवायचा, "काय रे, टीचरचं बाळ, मोठा कधी होणार?" त्या दिवशी भट्टीमागंही तो तेच म्हणाला होता म्हणे. तेच!

मंडळाच्या व्हरांड्यात बाकावर देवीरव्वा बसली होती. सिद्धेशची आई. शेजारी काळा चष्मा लावलेला सिद्धेश, गुडघ्यावर हात ठेवून. हालम्मानं तिकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि आल्या आल्या तिकडंच बघितलं. आरोग्य केंद्राच्या त्या खोलीत दोन खाटा होत्या. देवीरव्वाचा मंगळवारी झाला, हिचा गुरुवारी. हिला दूध उतरेना तेव्हा दोन दिवस देवीरव्वानं दोघांनाही पाजलं होतं, एक इकडं, एक तिकडं, आणि हसत म्हणाली होती, "हालव्वा, तुझा फार आधाशी गं!" ती नर्सबाई वारली. केंद्राचे जुने कागद कधीच गेले. अंगणवाडीचं त्या वर्षीचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं, असं हालम्मानं वकीलबाईंना सांगितलं होतं... ते अंगणवाडीतल्या पत्र्याच्या ट्रंकेत, डाळीच्या पोत्याखाली, धडधाकट होतं.

देवीरव्वा उठून जवळ आली. शिव्या देईल, केस धरेल – धरावेत, हालम्माला वाटलं, बरं होईल.

"टीचर," ती म्हणाली. हालव्वा नाही. "आमचे हे अर्ज देऊन आले, वय खोटं आहे म्हणून. वकील म्हणतो, तूही साक्ष दे, दोघी एका खोलीत होतात ना. मी नाही म्हटलं."

"देवीरी..."

"मी कशाला सांगू? माझ्या पोराला लस टोचताना तारीख तूच लिहिलीस. तुझ्याही पोराची तूच लिहिलीस. तुझ्या तोंडूनच ऐकायला आलेय मी." आणि ती परत जाऊन बसली, सिद्धेशच्या डाव्या बाजूला, त्याला दिसेल अशी.

आत साधी खोली होती. लांब टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, साध्या साडीतल्या मॅजिस्ट्रेटबाई, दोन्हीकडे दोन सदस्य, टोकाला लिहून घेणारा कारकून. देवीरव्वा आणि सिद्धेश दाराशी बसले. बाईंचा आवाज इतका मऊ होता की हालम्माला रडूच आलं असतं.

"टीचर, तारखेची किंमत तुम्हाला मी सांगायला नको. शाळेचा दाखला माझ्यासमोर आहे. हरकत आली आहे म्हणून विचारते. मुलाचा जन्म कधीचा?"

तिनं तिप्पेशकडं बघितलं. उघडा पडलेला ओठ, कोपऱ्यात सुकलेलं रक्त. कसला लहान दिसत होता! वकीलबाईंचं खरं होतं. तो खुर्चीत पाय पसरून बसला होता, एक पाय हलवत, वर पंख्याकडं बघत – आपली जागा राखून ठेवलेली आहे हे माहीत असलेल्या माणसासारखा. जामीन मिळण्याआधी, निरीक्षणगृहात पहिल्या भेटीला तो जाळी धरून हमसून हमसून रडला होता आणि तिनं घरी येऊन देवापुढं डोकं आपटलं होतं, माझ्या पोराची भीती घालव. गेली होती. पार गेली होती. सिद्धेश चार हातांवर बसलेला असताना हा पंखा बघत होता. खरं सांगितलं तर हा अठरा पूर्ण झालेला ठरेल, दहा वर्षं जातील ह्याची, मोठ्या तुरुंगात, बसण्णासारख्यांत. आणि खोटं सांगितलं तर... तर हा असाच घरी येईल. असाच. माझ्या हातचं जेवेल आणि पाय हलवत बसेल.

"गुरुवार होता," ती म्हणाली.

दाराशी देवीरव्वाची बांगडी वाजली.

"गुरुवार, सकाळी... पावणेआठ वाजले होते. वजन दोन किलो शंभर. रडला नाही लवकर."

"वार नको, टीचर," कारकून पेन उचलून म्हणाला. "वर्ष सांगा."

तिप्पेशचा पाय थांबला. पंख्यावरची नजर खाली आली आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यानं आईकडं नीट बघितलं. ओठ हलले, अव्वा म्हणाल्यासारखे. त्याच्या डोळ्यांत भीती आली होती, ती जाळीपलीकडची, जुनी, तिच्या ओळखीची. वर्ष तिच्या जिभेवर होतं, दोन्ही वर्षं होती, कुठलं बाहेर पडेल ते तिचं तिलाच कळत नव्हतं. कळत होतं ते एवढंच, की पोटचा पोर भ्यायलेला बघून तिला बरं वाटलं होतं. आणि आपल्याला बरं वाटलं ह्याच्यानंच ती इतकी हादरली की टेबलाची कड धरून उभी राहिली.