मचाणावरचं मत

लाइलमामाला शोधायला रानात मीच गेले. गाडीचं लायसन्स मला याच महिन्यात मिळालं होतं, आणि आई हातातला फोन सोडायला तयार नव्हती.

आई आमच्या शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करते आणि शाळेच्या सगळ्या कर्मचाऱ्यांच्या युनियनची अध्यक्ष आहे. तिचा मोठा भाऊ लाइलमामा आमची स्कूलबस चालवतो. आमच्या विस्कॉन्सिनचा कायदा असा, की युनियन टिकवायची तर दरवर्षी नव्यानं मतदान. त्यातही नुसती जास्त मतं पडून भागत नाही. सगळ्या कर्मचाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी 'हो' म्हणायला हवं. जो मतच देत नाही, तो आपोआप 'नाही'मध्ये. तशी युनियनला आता फक्त मूळ पगारावरच बोलता येतं, पण ती गेली की तेवढंही नाही. देतील ते मुकाट्यानं घ्यायचं. फोनवर मत द्यायची मुदत शनिवारी दुपारी बारापर्यंत होती. आईनं एकेकाला विचारून पाहिलं, तर नेमकं एक मत कमी. आणि हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस म्हणून मामा फोन बंद करून पहाटेच पसार.

मी नारिंगी जाकीट चढवलं. या दिवसांत त्याशिवाय रानात शिरणं म्हणजे डोक्याला शिंगं बांधून शिरणंच. बर्फ तुडवत मचाणापाशी पोचले आणि शिडी चढून वर गेले. मामानं ओठांवर बोट ठेवलं. मी त्याच्या बऱ्या कानात सांगितलं, तुझं मत राहिलंय.

"मी कुणाच्याच विरोधात नाही गं," तो कुजबुजला. "म्हणून तर दिलं नाही."

"न देणं म्हणजेच विरोध, मामा."

"असं कुठं असतं?"

"कायद्यात."

बसमध्ये कुणी चालू गाडीत उभं राहिलं की आरशातून तो जसा बघतो, तसा बघत राहिला. डोरीन, म्हणजे माझी आई, चिडली असेल ना, म्हणाला. मी खरं ते सांगितलं, की ती फोन कानाशी धरून धुतलेली पातेली परत घासतेय. त्यानं गुपचूप फोन बाहेर काढून चालू केला.

आणि तेवढ्यात पाइनच्या झाडांतून तो आला. गेली तीन वर्षं बसमधल्या प्रत्येक पोराला ज्याची वर्णनं ऐकावी लागली, तोच शिंगाळा नर. मामाच्या मांडीवर बंदूक, हातात फोन, आणि बारा वाजायला आलेले. मी ठरवलं होतं एक शब्द बोलायचा नाही. बोललेही नाही, फक्त मामाची बाही घट्ट धरली.

मामानं नंबर लावला. त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे स्पीकर चालू. यंत्रातली बाई अख्ख्या रानाला मतदानाचे नियम सांगू लागली. नरानं मान वर केली, पहिला नियम ऐकला आणि चालता झाला.

"त्यालाही पटला नाही कायदा," मामा म्हणाला.

मत गुप्त असतं म्हणून मी पाठ फिरवली. त्यानं मलाच विचारलं, 'हो'ला कुठलं बटण ते.

मग मी आईला फोन लावला, स्पीकरवरच. झालं म्हटल्यावर तिनं पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "त्यानं एकावर एक दोन मोजे घातलेत का विचार."

"घातलेत," मामा ओरडला.

हरीण तर गेलंच होतं. मग आम्ही त्याच्या थर्मासमधली कॉफी संपवली, मोठमोठ्यानं गप्पा मारत.