कानबाई बसली त्या दिवशी

सत्त्याण्णव सालच्या श्रावणात धुडकू पाटलानं आपल्या भाऊबंदकीची देवी, कानबाई, पहिल्यांदाच सुरतेला आणली. शिरपूरकडच्या त्यांच्या गावात आता दोन म्हाताऱ्या चुलत्या तेवढ्या राहत होत्या. बाकीची घरं गोडादरा, पांडेसरा, लिंबायत अशी पांगलेली. कधी सुतक, कधी सोयर, काही ना काही आडवं येऊन तीन वर्षं कानबाई बसलीच नव्हती. त्याच तीन वर्षांत धुडकूची दोन नातवंडं जन्मतानाच गेली. या दोन गोष्टींची गाठ त्याच्या मनात पक्की बसली होती. देवीचा नारळ फडक्यात गुंडाळून तो गाडीच्या गर्दीत मांडीवर धरून बसला, आणि सुरत येईपर्यंत जागचा उठला नाही.

कानबाई रविवारी दिवेलागणीला बसवतात आणि सोमवारी नदीवर नेऊन विसर्जन करतात. रविवारी सकाळपासून त्याच्या गोडादऱ्याच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. दारात मांडव, आत चौरंगाला केळीचे खांब, मागच्या खोलीत बायका रोटाच्या कामात. कानबाईच्या रोटासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात आणि तो रोट भाऊबंदकीबाहेर कुणाला देत नाहीत. भटूच्या नावाचे गहू त्याच्या बायकोनं, सुंदरानं, स्वतःच्या हातानं काढले होते. भटू हा धुडकूचा धाकटा भाऊ. पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या एका कारखान्यात मशीनवर होता. शनिवारची रात्रपाळी करून सकाळी येताना तो झेंडूची फुलं आणणार होता.

सकाळ गेली, भटू आला नाही. दुसऱ्या पाळीचा माणूस आला नसेल, म्हणून थांबवून घेतलं असेल, असं सुंदरानं स्वतःला सांगितलं. तसं पूर्वी झालं होतं. पण दुपारी कुणीतरी बाजारातून झेंडू घेऊन आलं आणि धुडकूनं काही न विचारता तो चौरंगाला बांधायला घेतला. भटू का आला नाही, फुलं का आणली नाहीत, हे भरल्या घरात एकानंही विचारलं नाही. तेव्हा मात्र ती उठली.

ती घागर घेऊन नळावर गेली. कोपऱ्यावरच्या टपरीशी सुकदेव उभा होता. तो भटूच्याच कारखान्यात कामाला होता, त्याच पाळीला. तिला पाहून तो टपरीच्या मागे सरकायला लागला. सुंदरा घागर तिथंच ठेवून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सुकदेवभाऊ, त्या कोठे शेत?"

नवऱ्याचं नाव ती घेत नसे, 'त्या' म्हणायची. सुकदेव जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वैनी, माले सांगू नको म्हनेल शे."

"कोनी?"

"धुडकूदादानी."

पहाटे रंगाच्या मशीनचं झाकण उडालं होतं. वाफेनं तिघं भाजले. झाकण भटूच्या पायावर आलं. मालकानं टेम्पोत घालून त्यांना सरकारी दवाखान्यात पाठवलं आणि गेट बंद केलं. सुकदेव तिथून थेट धुडकूकडे आला होता.

"जित्ता शे का?" सुंदरानं विचारलं.

"नेला तवा व्हता," सुकदेव म्हणाला.

ती घरात परत आली तेव्हा धुडकू चौरंगावर देवीची साडी चुणत होता. ती त्याच्यासमोर कधी डोक्यावरचा पदर सावरल्याशिवाय उभी राहिली नव्हती. आज पदर खांद्यावर होता आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"दादा, तुम्हाले सकायपासून ठाऊक व्हतं."

धुडकूनं तिला हातानं खुणावून बाहेर मांडवात आणलं. त्याचा आवाज चढला नाही. "सुंदरा, देख. तो जित्ता आसी तर उद्या बी जित्ता राही. आनि काही वाईट व्हयेल आसी, तर ते आज कानवर उनं की सुतक लागनं. देवी बसाव नही. चौथं वरीस जाई. उद्या दुफारले नदीवरथून उनूत की आपण बठ्ठा जासूत. मी पुढे व्हसू."

"आनि तवलगून तो एकटा?"

"देवी शे ना त्याले."

हे तो खोटं बोलत नव्हता. दिवसभर त्यानं घोटभर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. सुंदराला ते ठाऊक होतं. पण तिला त्याची कीव करायला वेळ नव्हता.

ती निघाली तशी तिची मोठी जाऊ, धुडकूची बायको कलाबाई, दारात आडवी आली. रोटाच्या कामातली बाई मधून उठत नाही, उठली तर देवी रागावते, असं ती म्हणाली. तिच्या दोन्ही हातांना कणीक लागली होती. सुंदरानं तिला बाजूला केलं. ढकललं नाही, नुसतं दंडाला धरून बाजूला केलं, आणि ती रस्त्याला लागली. सुकदेव तिच्या मागून पळत आला.

दवाखान्यात गुजराती बोलणारा एक शिपाई त्यांना या दारातून त्या दारात पाठवत राहिला. सुंदराला गुजराती कळे, पण त्या घाईत तिच्या तोंडून अहिराणीशिवाय काही निघेना. शेवटी एका परिचारिकेनं ते ऐकलं आणि मराठीत विचारलं, "कोण हवंय तुम्हाला?" त्या सरलाबाई, अमरावतीकडच्या.

"मशीनवर भाजलेली माणसं सकाळी आली ना? त्यातला एक दुपारी गेला," त्या हळू म्हणाल्या. "त्याचं नाव आम्हाला माहीत नाही. दुसऱ्या दोघांतला एक बोलतोय, तो बिहारचा आहे. तिसरा शुद्धीवर नाही. आधी त्याला बघा."

वॉर्डपर्यंतचा बोळ सुंदरानं भिंतीला हात लावून पार केला. खाटेवरच्या माणसाचं तोंड सुजून काळंनिळं झालं होतं, अर्ध्यावर पट्टी होती. तिला तो ओळखू येईना. भटू रोडका होता, हा फुगलेला कुणी भलताच. हा भटू नसेल, तर दुपारी गेलेला तोच, हे तिला कळत होतं. ती खाली वाकली आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली.

"भटू."

ओठ हलले. तिनं कान लावला.

"कानबाई बसनी का?" त्यानं विचारलं.

सुंदरा रडली नाही. "बसनी," ती म्हणाली. अजून बसली नव्हती.

डॉक्टर आले. उजव्या पायाचा गुडघ्याखाली चेंदा झाला होता आणि रक्त फार गेलं होतं. ऑपरेशन लवकर करावं लागणार होतं. त्याआधी रक्त हवं होतं. सरलाबाईंनी समजावून सांगितलं, "कुठल्याही गटाचं चालेल. तुमच्या माणसांनी दिलं की त्याच्या बदल्यात इथलं मिळतं. निदान चार माणसं आणा. घरात पुरुष आहेत ना?"

"घर भरेल शे," सुंदरा म्हणाली.

सुकदेवनं आपली बाही वर केली आणि तो तिथंच थांबला. सुंदरा एकटी परत निघाली. उधना दरवाजाशी रिक्षा अडकली तेव्हा ती उतरून चालायला लागली, मग पळायला. गोडादऱ्यात पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. कानबाई बसली होती. नथ घातलेली, हिरव्या साडीतली, दोन्ही बाजूंना दिवे. आरती नुकतीच संपून बायकांनी गाणं धरलं होतं, आणि मांडवात बारा-पंधरा पुरुष मांडी घालून बसले होते. सगळे पाटील, सगळे भटूचे सख्खे-चुलत.

सुंदराला पाहताच गाणं थांबलं. धुडकूचा चेहरा पांढरा पडला. ती काय सांगणार, ते ऐकायची त्याला भीती वाटत होती.

"जित्ता शे," ती आधी म्हणाली. मग रक्ताचं सांगितलं.

कुणी हललं नाही. एक जण म्हणाला, देवीसमोरून उठून गेलं तर चालतं का, धुडकूदादाला विचारा. दुसरा म्हणाला, दिवसभराचा उपास आहे, रक्त काढलं तर माणूस पडेल. तिसरा म्हणाला, सकाळी उजाडलं की जाऊ. सगळे धुडकूकडे बघत होते आणि धुडकू दिव्याकडे.

"मी तुमना पाया पडस," सुंदरा म्हणाली, आणि खरंच एकेकाच्या पायाशी वाकायला लागली. एक पाय मागे सरला, मग दुसरा. चुलत दिरांचे पाय, तिच्याहून लहान पोरांचे पाय. कुणी म्हणालं, "आसं करू नको, वैनी." पण उठलं कुणी नाही.

तेवढ्यात आतल्या खोलीतून कलाबाई आली. तिनं हात धुतले होते. मनगटावर कणकेचा एक पट्टा तसाच राहिला होता. ती देवीसमोर गेली, जमिनीला डोकं टेकलं, आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "बायासनं रक्त चालस का?"

"चालस," सुंदरा म्हणाली.

"मंग चाल."

धुडकू म्हणाला, "तू घरनी मोठी सून शे. तू गई तर रातभर दिवाजवळ कोन बसी?"

"तुम्ही बसा," कलाबाई म्हणाली.

त्यावर वाल्मिक उठला. भटूचा चुलतभाऊ, नुकताच यंत्रमागावर कामाला लागलेला. त्याच्यामागून आणखी एक. सुकदेव धरून चौघं झाली. रिक्षात कलाबाई सुंदराला चिकटून बसली होती. दुपारी दारात अडवल्याबद्दल ती काही बोलली नाही आणि सुंदरानंही तो विषय काढला नाही.

सोमवारी वाजतगाजत कानबाई डोक्यावर घेऊन बायका तापीकडे निघाल्या, त्याच सुमाराला डॉक्टरांनी भटूचा पाय गुडघ्याखालून काढला. कारखान्याचा माणूस येऊन गेला. भटू पाटील नावाचा कुणी आमच्याकडे कामाला नव्हताच, असं तो म्हणाला. सुकदेव त्याच्यासमोर उभा होता. त्यानं मान खाली घातली नाही, म्हणून मंगळवारपासून त्याचंही काम सुटलं.

मंगळवारी सकाळी धुडकू आला. सोमवारी दुपारी तो दवाखान्याच्या फाटकापर्यंत येऊन परत गेला होता, हे कलाबाईनं सांगितलं. त्यानं दाढी केली नव्हती. वॉर्डाच्या दाराशी उभं राहून तो म्हणाला, "मी येनारच व्हतू, सुंदरा."

भटू आत जागा होता. सूज उतरली होती. पायांवरून चादर होती आणि तिच्याखाली दवाखान्यानं तारेचा पिंजरा ठेवला होता, त्यामुळे त्याला काही दिसत नव्हतं. पहाटेपासून तो सुंदराला सांगत होता की उजव्या पायाची बोटं खाजताहेत, जरा खाजव. तिनं तीनदा चादरीत हात घालून खाजवल्यासारखं केलं होतं. चौथ्यांदा तिच्यानं झालं नाही.

"दादा," ती म्हणाली, "त्याले पायनं अजून माहीत नही. मना तोंडथून निंघत नही. तुम्ही सांगा."

धुडकू म्हणाला, "मी कसं सांगू?"

"कसं बी सांगा. पन आजच सांगा. उद्यावर टाकू नका."

तो आत गेला. सुंदरा दारातच थांबली. भटूनं भावाला बघून हसायचा प्रयत्न केला आणि विचारलं, कानबाई नीट गेली का? धुडकू स्टुलावर बसला. तो सांगायला लागला. किती माणसं होती, ढोल कसा वाजला, गल्लीतल्या ओडिया बायकासुद्धा कशा फुगडी खेळल्या, पुलाच्या खाली पाणी किती होतं. भटू डोळे मिटून ऐकत होता. धुडकू एकदा नदीपर्यंत पोचला, मग पुन्हा मागे येऊन मिरवणूक दारातून निघाल्याचं सांगायला लागला. मग थांबला.

"भटू," तो म्हणाला, "तुन्हा उजवा पाय काढना पडना."

भटूनं डोळे उघडले. त्याचा हात चादरीवरून खाली, तारेच्या पिंजऱ्याकडे सरकायला लागला. धुडकूनं तो मधेच धरला आणि दोन्ही हातांत घट्ट दाबून ठेवला. भटू हात सोडवायला ओढत होता. शेजारच्या खाटेवरचा माणूस तोंड फिरवून भिंतीकडे वळला.

मग भटूच्या गळ्यातून जो आवाज निघाला, तो सुंदरानं याआधी कधी ऐकला नव्हता. तिचे पाय आत जायला निघाले. कलाबाई मागून येऊन तिच्या शेजारी उभी राहिली होती. सुंदरानं चौकट धरली आणि ती तिथंच थांबून राहिली.