पाळणाघराच्या ताई चहाला येणार

पाळणाघरात एकच जागा उरली होती. मूल घ्यायचं की नाही हे तिथल्या ताई त्या मुलाच्या घरी चहाला जाऊन ठरवतात. फॉर्म नाही, मुलाखत नाही, नुसता चहा. त्या नेमकं काय बघतात ते कुणालाच ठाऊक नाही. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "एका घराला तर पडद्यांवरून नकार दिला." तेव्हापासून मी आमच्या पडद्यांकडे बघणंच सोडलं.

माझी रजा रविवारी संपत होती. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. साहेबांनी रजा दोनदा वाढवून दिली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते नुसते हसले, आणि ते हसणं मला कळलं. भिंगरी, म्हणजे माझी तेरा महिन्यांची लेक, नुकतीच चालायला लागली होती. सासूबाईंचे गुडघे तिच्या मागे एका खोलीपर्यंत जातात, दुसरीत जात नाहीत. तेव्हा जागा मिळाली तर नोकरी, नाही तर नाही.

म्हणून मी मोठ्या जाऊबाईंना फोन केला. त्या फर्निचरच्या दुकानात दर्शनी काचेमागच्या खोल्या सजवतात. तिथे कुणीही राहत नसतं, त्यामुळे त्या खोल्या फार छान दिसतात.

ताई शनिवारी संध्याकाळी पाचला येणार होत्या. त्या दिवशी सकाळीच जाऊबाई दोन पिशव्या घेऊन आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या.

"अगं, हे घर आहे की गोदाम?"

"वहिनी, बाळ आहे घरात."

"बाळ दिसतंय गं. घर कुठाय?"

मग त्यांनी मोहरी रंगाचा पडदा लावला, ओट्यावर लाकडी ट्रे, ट्रेमध्ये तीन सुवासिक मेणबत्त्यांचे काचेचे पेले. फ्रिजवरचं सगळं काढलं: लसींचं वेळापत्रक, दूधवाल्याचा नंबर, चुंबकं, सगळं. "फ्रिज म्हणजे नोटीस बोर्ड नव्हे." उरलेला पसारा आम्ही ओट्याखालच्या कपाटांत कोंबला. आत काय गेलं ते मी बघितलं नाही. दार गुडघ्याने रेटून लावलं. चहाचे नवे कपही भिंगरीच्या भीतीने तिथेच, वरच्या खणात ठेवले.

मग माझी पाळी. जाऊबाईंनी आपल्या गळ्यातली लाकडी मण्यांची माळ माझ्या गळ्यात घातली, कानांत लांब डूल अडकवले.

"भिंगरी ओढेल."

"ओढू दे. पण तू घरात रोज सहज अशीच असतेस, असं वाटलं पाहिजे."

सहज दिसायला आम्हाला चार तास लागले. सासूबाईंनाही पडद्याला शोभणारा एक स्टोल मिळाला. तो सारखा घसरत होता, तेव्हा त्यांनी तो कमरेशी बांधून काहीतरी चकाकतं लावलं. म्हटलं, असेल ब्रोच.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना मी कप काढायला वाकले. आमच्या कपाटांना आतून बाळकुलूप आहे. बाहेरून एक गोल चुंबक टेकवलं की ते उघडतं. चुंबक पितळी रंगाचं, वर फुलाची नक्षी. कुरूप वस्तू घरात नको म्हणून मीच हौसेने तसलं आणलं होतं. ते कायम फ्रिजच्या कडेला असतं.

"वहिनी, फ्रिजवरची चुंबकं कुठे ठेवलीत?"

"फळांच्या परडीत."

परडीत फळं होती. पिवळं केळ्याचं चुंबक होतं, लाल घराचं होतं. गोल नव्हतं. आम्ही ट्रे उचलला, पडदा झटकला, भिंगरीच्या तोंडात बोट घालून बघितलं. सासूबाई शोधायला लागल्या त्या एकीकडे फळं पुसत.

बेल वाजली.

ताई बुटक्या, चष्मेवाल्या, हातात कापडी पिशवी. बसल्या. पडद्याकडे बघितलं नाही. भिंगरी त्यांच्या चपलांजवळ जाऊन बसली.

आत जाऊबाईंनी मेणबत्त्या चमच्याने उपटून काढल्या, पेले गरम पाण्याने धुतले आणि त्यांत चहा ओतला. "हीच फॅशन आहे सध्या," असं त्या कुजबुजल्या, पण बहुधा स्वतःलाच.

ताईंनी एक घोट घेतला. पेल्यात वाकून बघितलं.

"चहात काय घातलंय?"

"लव्हेंडर," जाऊबाई म्हणाल्या.

"मुद्दाम?"

"हो," जाऊबाई म्हणाल्या. "नाही," मी म्हणाले. दोघी एकदमच.

ताईंनी पेला हळूच खाली ठेवला. वातावरण सावरायला सासूबाई पुढे सरसावल्या. "ताई, आमची सूनबाई फार नीटनेटकी आहे हो. या की आत, स्वयंपाकघर बघा." आणि ताई आत येताच ओट्याला कंबर टेकवून त्या ऐटीत उभ्या राहिल्या.

टक् असा आवाज झाला.

आधी कपाटाचं दार फुगलं. मग उघडलं. मग धबाधबा: लंगोटांचा अर्धा गठ्ठा, फरशी पुसायचा मॉप, झाकणं नसलेले डबे आणि डबे नसलेली झाकणं, टेबलाच्या कोपऱ्यांना लावायचे फोमचे तुकडे, एक छत्री, आणि माझा थर्मामीटरचा डबा. डबा उघडून थर्मामीटर ताईंच्या पायाशी घरंगळले.

सासूबाई दचकून दोन पावलं सरकल्या, दुसऱ्या कपाटाला टेकल्या. टक्.

"आई, हलू नका!" मी ओरडले. त्यांच्या कमरेला, स्टोलवर, माझं पितळी फूल चमकत होतं. कापडाखालून नाणं लावून ते अडकवलं होतं.

"परडीत पडला होता गं. मला वाटलं, मोठीने माझ्यासाठीच ब्रोच आणलाय."

जाऊबाई म्हणाल्या, "आई, शोभतंय मात्र."

ताई खाली बसून थर्मामीटर गोळा करत होत्या. "चार?"

"एकाने चुकीचं सांगितलं तर दुसऱ्याने पडताळायला," मी म्हणाले.

"आणि तिसरा?"

"पहिले दोघे वेगवेगळं बोलले तर."

"चौथा?"

"तो बाहेर जायच्या बॅगेतला आहे."

ताई उठल्या. "दूध आहे घरात?"

"आहे."

"संपलंय असं समजा. खाली जाऊन घेऊन या. पंधरा मिनिटांच्या आत परत यायचं नाही. आजी, तुम्हीही बाहेर."

"पण तिला साडेपाचला—"

"बाई, घर माझ्यापुढे सगळेच मांडून दाखवतात. मी बघायला येते ते आईला मूल सोडून जिना उतरता येतो का. माझ्याकडे मुलं रडत नाहीत, आया रडतात. गेल्या वर्षी एक दारात दोन तास उभी होती. तिला बघून आतली अकरा रडायला लागली. निघा."

मी भिंगरीकडे बघितलं. ती एका झाकणावर दुसरं आपटत होती. मी चपला घातल्या, परत आत गेले, म्हणाले, "तिला शिंक आली तर—" आणि ताईंनी नुसतं दाराकडे बोट केलं.

जिन्यात प्रत्येक पायरीवर थांबले. दुकानदार म्हणाला, "काय देऊ?"

"पंधरा मिनिटं," मी म्हणाले.

त्याने माझ्या डुलांकडे बघितलं, माळेकडे बघितलं आणि मुकाट्याने दुधाची पिशवी पुढे केली. तेवढ्यात चार मिनिटं गेली. मी त्याला बिस्किटांच्या तारखा विचारल्या. साबणाच्याही विचारल्या. सातवं मिनिट. आठव्याला मी वर चढत होते.

सासूबाई दाराला कान लावून उभ्या होत्या.

"रडतेय?"

"शूः. नाही. तेच तर. काहीच ऐकू येत नाही."

काहीच ऐकू येत नाही, यापेक्षा वाईट आवाज मी आजवर ऐकलेला नाही. माझा हात बेलकडे गेला. सासूबाईंनी तो धरला. मग त्यांचा हात बेलकडे गेला, तो मी धरला. असे आम्ही दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिलो आणि मी घड्याळाचा काटा बघत राहिले. चौदाव्या मिनिटाला आत कुणीतरी खळखळून हसलं. भिंगरीच होती. माझ्याशिवाय हसली. मला बरं वाटलं आणि जरा रागही आला.

पंधरा पूर्ण झाली. बेल दाबली. दार ताईंनी उघडलं. भिंगरी आणि जाऊबाई फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या, मधे झाकणांचा डोंगर. भिंगरीने माझ्याकडे बघितलं, मी आहे याची खात्री करून घेतली आणि पुन्हा झाकणांकडे वळली.

"सोमवारी नऊला आणा," ताई चपला घालत म्हणाल्या. "दारात सोडायची, वळायचं, जायचं. फोन दुपारी एकदा. एकदाच."

"बरं," मी म्हणाले. आवाज नीट निघाला.

"ताई," मागून सासूबाईंनी विचारलं, "मी समोरच्या फुटपाथवर उभी राहिले तर?"

"आजी, तुम्हाला सोडायला मग कोण येणार?" ताई म्हणाल्या, आणि जिना उतरू लागल्या.